ओंडक्यांची घरे आणि लाकडाची कूज : उत्तर युरोपातील एका दुरुस्तीपरंपरेचा इतिहास

१

टिकाऊ वास्तू दगडाची आणि अल्पजीवी वास्तू लाकडाची, ही समजूत स्थापत्याच्या इतिहासलेखनात इतकी रूढ झाली आहे की तिची परीक्षा करण्याची आवश्यकता क्वचितच कोणाला भासते. उत्तर युरोपातील पुरावा मात्र या समजुतीस अनुकूल नाही. नॉर्वेच्या दऱ्याखोऱ्यांत इ. स. १५३७ पूर्वी, म्हणजे त्या देशातील धर्मसुधारणेच्या आधी, बांधलेली सुमारे अडीचशे घरे व कोठारे विसाव्या शतकाच्या अखेरीसही उभी होती. रशियातील कारेलिया प्रांतात, ओनेगा सरोवरातील किझी बेटावर, १७१४ मध्ये उभारलेले रूपांतरणाचे चर्च आपल्या बावीस घुमटांसह आणि ३७ मीटर उंचीसह आजही विद्यमान आहे. या सर्व वास्तू ओंडक्यांच्या आहेत. ओंडके आडवे ठेवून, कोपऱ्यांत एकमेकांत खाच पाडून बसवावयाचे आणि एकावर एक थर चढवीत भिंत उभी करावयाची, अशी ही पद्धती होय. तीत भिंत हाच इमारतीचा सांगाडा असतो. म्हणून एखादा ओंडका कुजला तर केवळ भिंतीचे सौंदर्य बिघडत नाही. वरचा सर्व भार ढळू लागतो.

हा प्रदेश लाकडास मानवणारा आहे असेही म्हणता येत नाही. वर्षातील कित्येक महिने बर्फ, त्यानंतर ते वितळून होणारी ओल आणि उन्हाळ्यात पाऊस, असे तेथील हवामान आहे. त्याच अरण्यात पडलेले पाइनचे झाड ओल्या मातीवर राहिले, तर त्याच्या बाहेरील लाकडाचा काही वर्षांतच भुगा होतो. मग तेच लाकूड भिंतीत शतकानुशतके टिकते कसे? रंग, राळ, डांबर, किंवा पूर्वीच्या झाडांची काही अलौकिक प्रत, अशी उत्तरे सामान्यतः दिली जातात. ती सर्वस्वी चुकीची नाहीत. पण अपुरी आहेत. या परंपरेत घर टिकते ते लाकूड कधीच कुजत नाही म्हणून नव्हे, तर कुजणारा भाग कोणता असेल हे बांधतानाच ठरलेले असते आणि तो बदलण्याची सोय रचनेतच केलेली असते म्हणून, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

या प्रतिपादनास प्रत्यक्ष वास्तूंचा आधार आहे; त्याचप्रमाणे सुतारांच्या शब्दसंग्रहाचाही आहे. कारागिरांनी आपली विद्या फारशी लिहून ठेवली नाही. परंतु तिची रूपरेषा त्यांच्या पारिभाषिक शब्दांत उमटलेली आहे, आणि ते शब्द कित्येकदा इमारतींहूनही दीर्घायुषी ठरले आहेत.

२

प्रथम कूज म्हणजे काय हे स्पष्ट करणे इष्ट होय. लाकूड वार्धक्याने कुजत नाही. कोरडे राहिले तर ते हजारो वर्षे टिकू शकते. इजिप्तच्या थडग्यांतील लाकडी वस्तू याची साक्ष देतात. कूज ही कवकांची, म्हणजे बुरशीवर्गातील सजीवांची, क्रिया आहे. कवकास अन्न, प्राणवायू, बेताची उष्णता आणि पाणी या चार गोष्टी लागतात. राहत्या घरात पहिल्या तीन गोष्टी नाकारणे शक्य नसते. चौथी मात्र नाकारता येते. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांहून कमी राहिले तर कवकाची वाढ होत नाही. ते ३० टक्क्यांच्या आसपास पोहोचले, की लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याने संपृक्त होतात आणि कुजीस मोकळे रान मिळते. म्हणजे कुजीचा प्रश्न हा मूलतः पाण्याचा प्रश्न आहे.

कवकांच्या क्रियेतही भेद आहेत. काही कवके लाकडातील सेल्युलोज खातात आणि लिग्निन मागे ठेवतात. अशा लाकडास तपकिरी रंग येतो, आडव्याउभ्या भेगा पडून त्याचे चौकोनी तुकडे होतात आणि ते बोटांनी चुरता येते. पाइन, स्प्रूस यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडात हीच तपकिरी कूज विशेष आढळते. ओंडक्यांच्या घरांत तिचे एक कपटी लक्षण असे, की ओंडक्याचा बाह्य पृष्ठभाग वाऱ्याने व उन्हाने वाळत असल्यामुळे शाबूत दिसतो आणि भेगांतून आत शिरलेल्या पाण्यामुळे कूज आत चालू राहते. म्हणूनच जुने सुतार ओंडक्यावर हातोडीने किंवा कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून आवाज ऐकत. निरोगी लाकूड खणखणते. कुजलेले बद्द वाजते.

या कवकांपैकी घरात सर्वांत भयंकर ठरलेल्या जातीचे शास्त्रीय नाव सेर्पुला लाक्रिमान्स असे आहे. १७८१ मध्ये वुल्फेन याने तिचे वर्णन केले तेव्हाच लाक्रिमान्स, म्हणजे अश्रू ढाळणारी, हे पद तिला मिळाले. वाढत्या कवकावर पाण्याचे थेंब जमतात, त्यावरून ते पडले. इंग्रजीत मात्र या कुजीस ‘ड्राय रॉट’ म्हणजे कोरडी कूज म्हणतात. एकाच सजीवास एका परंपरेने रडणारे आणि दुसरीने कोरडे म्हणावे, ही विसंगती बोधप्रद आहे. इंग्रजी नाव परिणामावरून पडले आहे, कारण कवक निघून गेल्यावर उरतो तो कोरडा भुगा. लॅटिन नाव कारणाच्या जवळ जाते. नावातील या दोषामुळे कोरड्या लाकडासही ही कूज लागते असा भ्रम पसरला. वस्तुतः हे कवक आपल्या दोरीसारख्या तंतूंतून दुरून पाणी वाहून आणू शकते, तथापि प्रारंभी त्याला ओल लागतेच. जर्मन भाषेत त्यास ‘हाउसश्वाम’, नॉर्वेजियनमध्ये ‘हुससोप’ आणि रशियनमध्ये ‘दोमोवोय ग्रिब’ म्हणतात. तिन्हींचा अर्थ घरातील बुरशी असाच आहे. रशियन ‘दोमोवोय’ या शब्दाने घराच्या रक्षक भुताचाही निर्देश होतो, हा योगायोगही ध्यानात घेण्याजोगा आहे. त्याच नावाचा एक रहिवासी घर सांभाळतो आणि दुसरा ते खातो.

हे घरभेदी कवक निसर्गात मूळचे कोठले, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित होता. हिमालयाच्या अरण्यांत ते आढळल्याची नोंद १९५४ मध्ये भारतीय कवकशास्त्रज्ञ बागची यांनी केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासाने त्याचे मूळ आशिया खंडात असल्याचे दाखविले आणि इमारती लाकडाच्या व्यापाराबरोबर ते जगभर पसरले असावे, असा निष्कर्ष काढला. म्हणजे युरोपातील घरांची ही व्याधी त्यांच्या अरण्यातून आलेली नाही; ती माणसाच्या दळणवळणाबरोबर आलेली आहे.

३

कुजीचे कवकस्वरूप सुतारांना ज्ञात नव्हते. पाण्याचा स्वभाव मात्र त्यांना पूर्ण अवगत होता. त्यांच्या उपाययोजनेची सुरुवात झाडाच्या निवडीपासून होई. पाइनच्या सालीलगतचे कोवळे लाकूड लवकर कुजते. गाभ्याचे लाकूड राळेने व इतर कवकविरोधी द्रव्यांनी भरलेले असल्यामुळे तग धरते. अशा गाभ्याच्या पाइनला नॉर्वेजियनमध्ये ‘माल्मफुरू’ म्हणतात. ‘माल्म’ म्हणजे खनिज धातू. लाकडाच्या उत्तम प्रतीला धातूची उपमा देणारी ही भाषा लाकडास दुय्यम मानणाऱ्यांची नव्हे. रशियनमधील समांतर शब्द ‘कोन्दोवी’ हा आहे. मूळ अर्थ दाट वाढीचे, राळेने भरलेले पाइन. पुढे त्यास अस्सल, जुन्या वळणाचा, आणि अखेरीस काहीसा उपहासाने कर्मठ, असेही अर्थ प्राप्त झाले. शब्दाची ही वाटचाल त्या लाकडाच्या सामाजिक इतिहासाशी समांतर आहे. झाड तोडण्यापूर्वी काही वर्षे त्याची साल अंशतः काढून राळ ओंडक्यात उतरविण्याची प्रथाही नॉर्वेत होती.

दुसरा उपाय जमिनीपासून फारकत हा होय. याचा उत्कृष्ट पुरावा ओंडक्यांच्या घरांत नव्हे, तर नॉर्वेतील खांबांच्या चर्चांत सापडतो. ऊर्नेस येथील चर्च बाराव्या शतकातील आहे. तेथे १९५० च्या दशकात झालेल्या उत्खननात विद्यमान इमारतीखाली त्याहून जुन्या चर्चच्या खांबांचे खळगे आढळले. त्या जुन्या चर्चचे खांब जमिनीत पुरलेले होते. जमिनीत पुरलेला खांब मातीच्या पृष्ठभागाशी कुजतो, कारण तेथे ओल आणि हवा दोन्ही एकत्र भेटतात. नंतरच्या चर्चमध्ये खांब दगडी पायावर ठेवलेल्या आडव्या तुळयांवर उभे केले गेले. पहिली वास्तू नष्ट झाली. दुसरी साडेआठशे वर्षांहून अधिक काळ उभी आहे. दोहोंत फरक आहे तो मुख्यतः मातीस स्पर्श करण्या न करण्याचा. महाराष्ट्रातील वाड्यांत लाकडी खांब मातीत न रोवता दगडी तळखड्यावर उभा करतात, त्यामागील तत्त्वही हेच आहे. परस्परांशी संपर्क नसलेल्या दोन परंपरा एकाच निष्कर्षाप्रत आल्या, कारण दोन्हींचा प्रतिपक्ष एकच होता.

तिसरा उपाय सांधणीच्या दिशेचा. कोपऱ्यावरील खाचेस रशियन सुतार ‘चाश्का’, म्हणजे वाटी, म्हणतात. जुन्या पद्धतीत ही वाटी खालच्या ओंडक्याच्या पाठीवर, तोंड वर करून कोरलेली असे. वाटी वर तोंड करून ठेवली तर तीत पाणी साचणार, हे त्या शब्दातच सामावलेले आहे. पुढे खाच वरच्या ओंडक्याच्या पोटात कोरण्याची रीत आली. ओंडक्याच्या लांबीभर असणाऱ्या पन्हळीचेही असेच झाले. अनेक जुन्या रशियन घरांत ती खालच्या ओंडक्याच्या पाठीवर आढळते, तर नंतरच्या घरांत वरच्या ओंडक्याच्या पोटाशी. दोन ओंडक्यांच्या मधील फटीत शेवाळ भरीत. त्यामुळे वारा अडे, आणि लाकूड आक्रसले किंवा फुगले तरी फट बुजलेली राही.

चौथा उपाय छपराचा. रशियन सुतारांनी भिंतीचे सर्वांत वरचे काही थर क्रमाक्रमाने बाहेर काढून तिला फुगीर आकार दिला. यास ‘पोवाल’ म्हणतात. त्यावर छपराची तळाकडील किनार सौम्य उताराने पुढे येते, तिला ‘पोलित्सा’ असे नाव आहे. या दोहोंमुळे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. वरवर पाहता ज्यास केवळ शोभेचा बाक समजावे, तो वस्तुतः पाणी फेकणारा अवयव आहे. किझीच्या घुमटांवर अ‍ॅस्पेन लाकडाची सुमारे ३०,००० कोरीव फळकुटे आहेत. त्यांना ‘लेमेख’ म्हणतात. या शब्दाचा दुसरा अर्थ नांगराचा फाळ. ओंडक्यांची भिंत खिळ्यांवाचून रचलेली आहे. ही फळकुटे मात्र खिळ्यांनीच बसविलेली आहेत. संपूर्ण चर्चमध्ये एकही खिळा नाही, ही लोकप्रिय कथा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. या फळकुटांचे आयुष्य भिंतीच्या मानाने अल्प असते, आणि तसे असणे योजनेचाच भाग आहे. छप्पर झिजावे आणि भिंत वाचावी, हा तो सौदा होय.

४

इतके करूनही काही भाग कुजणारच, याविषयी सुतारांच्या मनात संभ्रम नव्हता. बर्फ भिंतीच्या पायथ्याशी साचते, पागोळ्यांचे शिंतोडे खालच्या थरावर उडतात, आणि जमिनीची ओल सर्वांत प्रथम त्यालाच गाठते. म्हणून कूज प्रथम तळाच्या एक-दोन ओंडक्यांस, त्यानंतर खिडक्यांखालील ओंडक्यांस आणि बाहेर डोकावणाऱ्या कोपऱ्यांच्या टोकांस लागते. हा क्रम इतका नियमित आहे की दुरुस्तीची परिभाषाच त्यावर आधारलेली आहे.

रशियन भाषेत ओंडक्यांच्या चौकोनी एका थरास ‘वेनेत्स’ म्हणतात. वेनेत्स म्हणजे मुकुट. विवाहविधीत वधूवरांच्या मस्तकावर धरतात त्या मुकुटासही हाच शब्द आहे. घर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या मुकुटांची चवड. भिंत अशी कल्पिली की तिच्यातील एक कडे काढून दुसरे घालणे ही कल्पनेबाहेरची गोष्ट राहत नाही. सर्वांत तळच्या कड्यास ‘ओक्लाद्नोय वेनेत्स’ हे स्वतंत्र नाव आहे, आणि ते बदलण्याच्या क्रियेसाठी स्वतंत्र क्रियापद आहे. ‘पोद्रुबित्’ या धातूचा सामान्य अर्थ खालून तोडणे. पण घराच्या संदर्भात त्याचा अर्थ खाली नवे थर घालणे असा उलट होतो. झाडाच्या बाबतीत जो शब्द नाशाचा, तो घराच्या बाबतीत जीर्णोद्धाराचा. हा अर्थ एकोणिसाव्या शतकातील दाल याच्या विख्यात रशियन शब्दकोशातही नोंदलेला आहे. एखाद्या कामासाठी भाषेत एका शब्दाचे क्रियापद रूढ असणे, हे ते काम नित्याचे असल्याचे लक्षण होय. विरळा घडणाऱ्या गोष्टींना वर्णनाची वाक्ये लागतात.

प्रत्यक्ष कृती अशी असे. भिंतीच्या सुस्थितीतील थरांखाली तरफा व पाचरी घालून घर थोडे उचलावयाचे, कुजलेले ओंडके काढावयाचे, त्याच मापाचे नवे ओंडके खाचा पाडून सरकवावयाचे, मध्ये शेवाळ अंथरावयाचे आणि घर पुन्हा खाली बसवावयाचे. कूज वरपर्यंत पोहोचलेली असल्यास ओंडक्यांवर खुणा करून संपूर्ण भिंत उतरवीत आणि निकामी ओंडके वगळून ती पुन्हा रचीत. यास ‘पेरेबोर्का’ असे नाव आहे. धान्य निवडण्याच्या क्रियेसही त्याच कुळातील शब्द वापरतात.

उतरविणे आणि पुन्हा रचणे या समाजास किती सहज होते, हे इतर साधनांवरूनही दिसते. १५५१ मध्ये कझान जिंकण्याच्या तयारीत असलेल्या ईव्हान चौथ्याने स्वियाझ्स्कचा लाकडी किल्ला व्होल्गाच्या वरच्या भागात तयार करवून, ओंडके नदीतून खाली वाहून आणवून, नियोजित स्थळी उभा केला. सतराव्या शतकात मॉस्कोस आलेल्या आदाम ओलेआरिउस या जर्मन प्रवाशाने तेथे तयार घरे विकण्याचा बाजार भरत असल्याचे नमूद केले आहे. गिऱ्हाइकाने घर विकत घ्यावे आणि सुटे करून आपल्या जागेवर न्यावे. मॉस्कोतील वारंवारच्या आगींमुळे या बाजाराची गरज होती. जे घर सुटे होऊ शकते, त्याचा कुजलेला अवयवही सुटा होऊ शकतो.

नॉर्वेत दुरुस्तीची याहून सूक्ष्म रीत आढळते. ओंडक्याची केवळ बाहेरील बाजू कुजली असेल तर संपूर्ण ओंडका न काढता कुजलेला अर्धा भाग तासून टाकतात आणि तेथे नवे लाकूड बसवितात. तीस ‘हाल्व्हसोलिंग’, म्हणजे जोड्यास अर्धा तळवा लावणे, असे चांभाराच्या धंद्यातील नाव आहे. त्या नावात दुरुस्तीविषयीची एक वृत्ती स्पष्ट होते. जोडा झिजतो तो वापरामुळे. तळवा बदलण्यात लाज नाही आणि जोडा टाकून देण्यात शहाणपण नाही.

५

एकोणिसाव्या शतकात या परंपरेशेजारी दुसरी एक विचारसरणी उभी राहिली. लाकूड बदलण्याऐवजी ते कुजूच नये अशी रासायनिक व्यवस्था करावी, हा तिचा गाभा. जहाजे आणि रेल्वेचे स्लीपर यांच्या निकडीतून ती जन्मली. १८३२ मध्ये कायन याने इंग्लंडमध्ये पाऱ्याच्या क्षाराचे, आणि १८३८ मध्ये बेथेल याने दाबाखाली क्रिओसोट भरण्याचे एकाधिकारपत्र मिळविले. कूज कवकामुळेच होते हे जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग याने १८७० च्या दशकातील संशोधनाने प्रस्थापित केले, आणि १८८५ मध्ये घरातील बुरशीवर त्याचा स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हणजे उपाय आधी सापडला आणि कारण मागाहून कळले.

लाकडास द्रव्य चोपडण्याची कल्पना परंपरेस अपरिचित नव्हती. नॉर्वेतील खांबांच्या चर्चांना पाइनच्या बुंध्यांतून मंद आचेवर काढलेले डांबर शतकानुशतके दिले जाते. नॉर्वेजियनमधील ‘ट्यारे’ आणि इंग्रजीतील ‘टार’ हे शब्द झाडाच्या प्राचीन भारत-युरोपीय नावापासून निघाले आहेत. इंग्रजी ‘ट्री’, रशियन ‘देरेवो’ आणि संस्कृत ‘दारु’ हे त्याच कुळातील होत. मराठीतील देवदार या शब्दात तो अवयव आजही जिवंत आहे. या दृष्टीने डांबर लावणे म्हणजे झाडाचेच सत्त्व झाडास परत देणे होते. महत्त्वाची गोष्ट अशी की हे डांबर पुनःपुन्हा द्यावे लागे. ते देण्यासाठी माणूस भिंतीवर चढे आणि चढला की भिंत जवळून पाही. नव्या रसायनांनी मात्र एकदाच प्रक्रिया करून निश्चिंत होण्याचे आश्वासन दिले.

या आश्वासनाची किंमत अमेरिकेत दिसून आली. ओंडक्यांची घरे तेथे सतराव्या शतकात, १६३८ मध्ये स्थापन झालेल्या डेलावेअर नदीकाठच्या स्वीडिश वसाहतीबरोबर पोहोचली, आणि पुढे मध्य युरोपातून आलेल्या वसाहतकारांनीही आपली पद्धती तेथे नेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे अशा घरांची नव्याने आवड निर्माण झाली. त्यांपैकी काही घरांच्या ओंडक्यांवर पेंटाक्लोरोफेनॉल या द्रव्याची प्रक्रिया केलेली होती. १९८० च्या सुमारास अशा घरांतील रहिवाशांच्या रक्तात ते द्रव्य आढळून आले. त्या दशकात राहत्या घरांच्या आत त्याचा वापर निषिद्ध ठरला, आणि २०१५ मध्ये स्टॉकहोम करारान्वये जागतिक निर्बंधांच्या यादीत त्याचा समावेश झाला. कवकास जे विष, ते घरधन्यासही विष ठरले. आज बोरॉनचे क्षार तुलनेने सौम्य म्हणून वापरतात. पण ते पाण्यात विरघळतात. पाऊस लागणाऱ्या भिंतीत ते टिकावयाचे तर प्रथम पाऊसच अडवावा लागतो. मूळ प्रश्न अशा रीतीने पुन्हा वळचणीपाशी येऊन थांबतो.

दुसरी चूक सिमेंटची. अमेरिकेतील जुन्या घरांत ओंडक्यांमधील रुंद फटी माती, चुना, गवत अशा मऊ द्रव्यांनी लिंपलेल्या असत. विसाव्या शतकात त्याऐवजी कठीण सिमेंट भरण्यात आले. लाकूड ऋतुमानाप्रमाणे हलते, सिमेंट हलत नाही. त्यामुळे दोहोंमध्ये बारीक चीर पडते, तीतून पाणी आत जाते आणि सिमेंटमुळे ते बाहेर पडत नाही. मऊ लिंपण दर काही वर्षांनी निखळे आणि पुन्हा करावे लागे. ते दुर्बल होते म्हणूनच ओंडका वाचत होता.

६

परंपरेस याहूनही मोठा धक्का बसला तो तिच्यावरील प्रेमातून. १८९१ मध्ये हाझेलिउस याने स्टॉकहोममध्ये स्कान्सेन हे खुले संग्रहालय स्थापन केले. नॉर्वेत आंदेर्स सांदविग या दंतवैद्याने गुदब्रान्सदाल खोऱ्यातील जुनी घरे विकत घेऊन लिलेहामर येथे जमविली. किझी येथील संग्रहालय १९६६ चे आहे. या संस्थांनी शेकडो इमारती सरपणापासून वाचविल्या, आणि ओंडक्यांचे घर सुटे करून हलविता येते या जुन्या गुणाचाच त्यांना उपयोग झाला. परंतु घर संग्रहालयात गेले की ते दस्तऐवज होते, आणि दस्तऐवजातील शब्द बदलावयाचे नसतात. ओंडका बदलणे ही जी नित्याची गोष्ट होती, ती आता पुराव्याचा नाश ठरू लागली.

किझीच्या चर्चचा आधुनिक इतिहास या पेचाचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात त्याच्या भिंतींवर बाहेरून फळ्या ठोकण्यात आल्या होत्या आणि घुमटांवर लोखंडी पत्रा चढविला होता. १९४९ ते १९५९ या काळात वास्तुविशारद ओपोलोव्निकोव्ह यांच्या मार्गदर्शनाखाली ही आवरणे काढून मूळ रूप प्रकट करण्यात आले. या कार्यामुळे चर्चचे सौंदर्य जगास दिसले, यात शंका नाही. परंतु फळ्या काढल्यामुळे ओंडके पुन्हा पावसास सामोरे गेले. इतिहासाने चढविलेले आवरण खोटे म्हणून काढावे, की संरक्षक म्हणून ठेवावे, हा वाद त्यानंतर शमला नाही.

पुढे चर्चची रचना इतकी विकल झाली की १९८० पासून ते आतून बंद ठेवावे लागले, आणि १९८३ पर्यंत त्याच्या पोटात लोखंडी सांगाडा उभारण्यात आला. वास्तू कोसळण्याचा धोका त्यामुळे टळला. कूज मात्र थांबली नाही, कारण लोखंड भार घेते, पाणी अडवीत नाही. शिवाय ओंडक्यांची भिंत कालांतराने खाली बसत जाते आणि लोखंड जागचे हलत नाही. १९९० मध्ये हे स्थळ जागतिक वारसा म्हणून घोषित झाले तेव्हा चर्च आपल्या भिंतींवर नव्हे, तर परक्या आधारावर उभे होते.

यानंतर कित्येक वर्षे चर्चा चालली. संपूर्ण पेरेबोर्का करावी, म्हणजे चर्च उतरवून पुन्हा रचावे, असा एक पक्ष होता. त्यास आक्षेप असा की एकदा उतरविलेले चर्च पुन्हा तेच होईल याची शाश्वती काय? अखेरीस जो मार्ग स्वीकारला गेला तो पाहता इतिहासाभ्यासकास एक जुना शब्द आठवल्यावाचून राहत नाही. चर्चचे आडवे सात पट्टे कल्पिण्यात आले. वरचा सर्व भाग जॅकच्या साह्याने लोखंडी आधारावर उचलून धरावयाचा, खालचा पट्टा उतरवून बेटावरील कर्मशाळेत न्यावयाचा, प्रत्येक ओंडका तपासावयाचा, कुजलेला भाग काढून नवे लाकूड जोडावयाचे, अगदीच निकामी ओंडका बदलावयाचा, आणि पट्टा पुन्हा जागेवर रचून वर सरकावयाचे. काम तळापासून सुरू झाले. शिखर खाली न आणता तळ बदलणे, ही खेडुतांची ‘पोद्रुबका’च होय, केवळ तरफेच्या जागी जॅक आले आणि एका थराच्या जागी सात पट्टे. सुमारे एक तपाच्या परिश्रमांनंतर, २०२० मध्ये, चार दशके बंद असलेले ते चर्च पुन्हा खुले झाले.

या कामात ओंडक्यास नवा तुकडा जोडण्याच्या क्रियेस ‘प्रोतेझिरोवानिये’, म्हणजे कृत्रिम अवयव बसविणे, असे म्हणतात. मुकुट आणि जोड्याचा तळवा या जुन्या उपमांशेजारी ही शल्यवैद्यकाची उपमा ठेवली की दृष्टीतील बदल लक्षात येतो. मुकुट नवा करता येतो, तळवा बदलता येतो. कृत्रिम अवयव मात्र मूळ अवयवाच्या अभावाची सतत आठवण देतो. आधुनिक दुरुस्तीस झालेली हानी विसरावयाची नाही. नव्या लाकडाचा जोड दिसावा, त्याची नोंद राहावी, असा तिचा आग्रह आहे. हा आग्रह गैर नव्हे. इतिहासाचे ते ऋणच आहे. पण त्याने परंपरेची जागा घेऊ नये.

७

मूळ काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेत मूळ द्रव्याचे जतन हा मुख्य आधार होता; ती भूमिका प्रामुख्याने दगडी वास्तूंच्या अनुभवातून घडलेली होती. १९९४ मध्ये जपानमधील नारा येथे झालेल्या दस्तऐवजाने द्रव्याबरोबरच रूप, उपयोग, परंपरा व तंत्र यांनाही प्रामाण्याचे घटक मानले. लाकडी वास्तूंसाठी आंतरराष्ट्रीय स्मारक परिषदेने १९९९ मध्ये स्वतंत्र तत्त्वे स्वीकारली, आणि त्यांची सुधारित आवृत्ती २०१७ मध्ये दिल्ली येथील अधिवेशनात संमत झाली. शक्यतो मूळ लाकूड राखावे, आणि बदलावयाचे झाल्यास त्याच जातीचे, त्याच प्रतीचे लाकूड त्याच कारागिरीने वापरावे, असा या विचाराचा आशय आहे.

‘त्याच कारागिरीने’ ही अट लिहिण्यास सोपी आणि पाळण्यास कठीण आहे. नॉर्वेत १९९१ ते १९९९ या काळात मध्ययुगीन इमारतींच्या दुरुस्तीचा व्यापक कार्यक्रम राबविण्यात आला, तेव्हा याचा प्रत्यय आला. जुन्या ओंडक्यांवरील कुऱ्हाडीचे घाव वाचून पूर्वीचा सुतार कोणत्या बाजूस उभा राहिला, त्याचे हत्यार कसे होते, हे पुन्हा शिकावे लागले. पाते, साल, राळ, लाकडाच्या तंतूंची दिशा यांचे जे ज्ञान कधीकाळी खेड्यातील साधारण सुतारास होते, ते संशोधनाचा विषय झाले होते. कूज लाकडास लागण्यापूर्वी येथे विद्येस लागली होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

शेवटी एका हानीची नोंद आवश्यक आहे. ओनेगा सरोवराच्याच काठी कोंदोपोगा येथे १७७४ मध्ये बांधलेले ओंडक्यांचे उंच चर्च होते. अडीचशे वर्षांच्या ओलीने जे केले नाही, ते ऑगस्ट १९१८ च्या नव्हे, तर अगदी अलीकडच्या, ऑगस्ट २०१८ मधील एका आगीने काही तासांत केले. कूज सावकाश येते, खालून येते आणि ओळखू येते. म्हणून तिच्याशी माणसास पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार करता आला. त्या व्यवहाराच्या अटी सुतारांनी आपल्या शब्दांत लिहून ठेवल्या आहेत. मातीस स्पर्श करू नये, वाटी पालथी ठेवावी, छप्पर झिजू द्यावे, आणि तळाचा मुकुट कुजला की घर उचलून तो बदलावा. हे शब्द ज्या दिवशी केवळ कोशात उरतील, त्या दिवशी उत्तम रसायने व उत्तम नियम हाती असूनही ही घरे दुरुस्त करणे दुष्कर होईल. उलट, शब्दांमागील कृती जोवर कोणाच्या तरी हातात आहे, तोवर ओंडका बदलला म्हणून घर बदलले असे म्हणण्याचे कारण नाही.